चंद्राचा महिना, तारखांचा महिना

रमजानचा चाँद दिसतो तेव्हा उत्तनच्या किनाऱ्यावर उधाणाचे दिवस असतात. पहिला रोजा अमावस्येच्या पाठोपाठ येतो. आठव्या रोज्याच्या आसपास भांग, म्हणजे भरतीचा जोर ओसरलेला. रोजेदार आणि कोळी, दोघांची गणती एकाच चंद्रावर.

‘महिना’ हा शब्दही तिथलाच. फारसीत ‘माह’ म्हणजे चंद्र. दख्खनी बोलीत तर महिन्यालाही ‘चाँद’च म्हणतात. उत्तनच्या ख्रिस्ती कोळ्यांचा ईस्टरही पौर्णिमेवरूनच ठरतो. पगाराच्या महिन्याने मात्र चंद्राशी नाते तोडले. (पगार हा शब्द पोर्तुगीजांचा!)

‘हप्त्या’ची गंमत निराळी. फारसी ‘हफ्त’ म्हणजे सात. मराठीत त्याच मुदतीला ‘आठवडा’ म्हणतात. सोमवार ते सोमवार मोजले की वार आठच भरतात. ‘हप्ता’ राहिला कर्जासाठी. बोटीच्या कर्जाचा हप्ता दर सात दिवसांनी येत नाही, एवढेच नशीब.

अडते ते ‘पावसाळ्या’पाशी. सरकारी मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, तारखांनी बांधलेली. कोळ्यांची जुनी खूण नारळी पौर्णिमा. ती बहुधा ऑगस्टमध्ये येते. १ ऑगस्टला बोट लोटायची, की पौर्णिमेपर्यंत थांबायचे? शेजारची बोट निघाली की थांबणाऱ्याचे नुकसान ठरलेले.