क्षारसरोवरातील सूक्ष्मजीव : एक दुर्लक्षित संपत्ती

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर उल्कापाताने बेसॉल्ट खडकात निर्माण झालेल्या विवरात आहे. त्याचे पाणी खारे व अल्कधर्मी असून सामू १० च्या आसपास असतो. या पाण्यात मासे सहसा जगत नाहीत. विशिष्ट जीवाणू मात्र वाढतात.

हे जीवाणू पेशीच्या आतील सामू बाहेरच्यापेक्षा कमी राखतात. परंतु अन्नविघटनासाठी पेशीबाहेर सोडलेल्या विकरांना अल्कधर्मी पाण्यातच कार्य करावे लागते. त्यांचे औद्योगिक मोल यातच आहे. धुलाई पावडरचे द्रावणही अल्कधर्मी असते. त्यात प्रोटिएज हे विकर रक्ताचे व दुधाचे डाग काढते. चर्मोद्योगात केस काढण्यासाठी त्याचा वापर केल्यास प्रदूषणकारी सल्फाइडची गरज घटते.

शेतीतही वाव आहे. भारतातील सुमारे ६७ लाख हेक्टर जमीन क्षारबाधित असून तीपैकी सुमारे ३८ लाख हेक्टर चोपण आहे. जिप्सम हा चोपण जमिनीवरील मुख्य उपाय होय. स्फुरद विरघळवणारे क्षारसहिष्णू जीवाणू त्यास पूरक ठरू शकतात.

मात्र लाभ कोणाचा? जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार जैविक संसाधनांच्या लाभाचे न्याय्य वाटप अपेक्षित आहे. लोणारला २०२० मध्ये रामसर दर्जा मिळाला. तथापि सांडपाणी व गोड्या पाण्याचा अतिरिक्त ओघ वाढल्यास सरोवराची अल्कता घटते आणि हा अधिवासच धोक्यात येतो. भांडवल टिकले, तरच लाभांशाच्या वाटपाला अर्थ उरतो.