कार्ड दुसऱ्याचे, खाते आपले

परदेशी शिष्यवृत्ती घेऊन अमेरिकेत जाणाऱ्या आपल्या मुलामुलींनी एक गोष्ट जाण्याआधीच समजून घ्यावी. तिथे प्रत्येक राज्याचा फौजदारी कायदा वेगळा आहे. न्यूयॉर्कमध्ये दुसऱ्याचे क्रेडिट कार्ड नुसते चोरले, एक पैसाही खर्च केला नाही, तरी गंभीर गुन्हा होतो आणि ४ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. टेक्सासमध्ये परक्या कार्डावरची खरेदी कितीही छोटी असो, १८० दिवस ते २ वर्षे कैद आणि १० हजार डॉलरपर्यंत दंड. कॅलिफोर्नियात मात्र रक्कम बघतात. सहा महिन्यांत ९५० डॉलरच्या वर गेलात की किरकोळ चोरी मोठी चोरी ठरते.

बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना नेमका हा मुद्दा घेतला होता. आपले संघराज्य असले तरी मूलभूत दिवाणी व फौजदारी कायदे सारखे राहतील आणि न्यायव्यवस्था एकच असेल. म्हणून नागपूरला जे कलम लागते तेच दिल्लीलाही लागते.

ही कलमे कोणती? दुसऱ्याचा पासवर्ड, पिन किंवा ओटीपी लबाडीने वापरला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ क. संगणक वा मोबाईलवरून दुसराच कोणी असल्याचे भासवून फसवले तर ६६ ड. दोन्हींत ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड. खरा फटका भारतीय न्याय संहितेच्या ३१८(४) चा आहे. हे जुने ४२० कलम. यात ७ वर्षांपर्यंत कैद आहे आणि गुन्हा अजामीनपात्र आहे.

आता वस्तीतली गोष्ट. कॉलेजातल्या पोराला कोणीतरी सांगतो, तुझे झिरो बॅलन्सचे खाते महिनाभर दे, एटीएम कार्ड आणि सिमही दे, दोन-तीन हजार मिळतील. त्या खात्यातून लुटीचा पैसा फिरतो. पोलीस पैशाचा माग काढतात तेव्हा पहिले दार खातेदाराचे वाजते. सूत्रधार सापडेल तेव्हा सापडेल. खाते गोठते, आणि शिष्यवृत्तीही त्याच खात्यात येणार असते. ‘मला माहीत नव्हते’ हा बचाव कायद्यात आहे. पण कार्ड, पिन, सिम पैसे घेऊन दिल्यावर तो कोण मानणार? दुसऱ्या शीलाचा अर्थ समजवायला इतके उदाहरण मला पुरते.

आणि आपल्यापैकी कोणी फसले तर? लाजून गप्प बसू नका. लगेच बँकेला कळवा आणि १९३० ला फोन करा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेची नसेल आणि तुमचीही नसेल, तर व्यवहाराचा संदेश आल्यापासून ३ कामाच्या दिवसांत कळवल्यास तुमच्यावर जबाबदारी शून्य. चौथ्या ते सातव्या दिवशी कळवल्यास साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १० हजारांचा, झिरो बॅलन्सच्या खात्याला ५ हजारांचा भुर्दंड. ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान तुमचे, त्यानंतरचे बँकेचे. म्हणजे तेव्हाही एकेक तास मोलाचा आहे. बँकेकडून तक्रार क्रमांक मागून घ्या आणि तो लिहून ठेवा.

ठाण्यात ‘ही आमची हद्द नाही’ असे ऐकवले तर नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ कलमाचे नाव घ्या. गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती कोणत्याही ठाण्याने नोंदवून घ्यायची आहे, आणि तिची प्रत तुम्हाला मोफत मिळाली पाहिजे.