डाग फरशीचा, हात आपल्या बायांचे

बाजारपेठेतल्या दुकानांपुढच्या, मॉलबाहेरच्या फरश्या पहाटे घासणाऱ्या बायांत आपल्या वस्तीतल्या पुष्कळ आहेत. त्यांच्या बोटांच्या चिरा आणि फोड आम्ही आरोग्य शिबिरांत पाहतो. उत्तर ठरलेलं असतं, "ताई, ॲसिडशिवाय डाग निघत नाही."

च्युइंगमला ॲसिडचा उपयोगच नाही. ते रबरासारखं असतं. पिशवीत बर्फ घालून त्यावर थोडा वेळ ठेवा. कडक झालं की लांब दांड्याच्या पत्रीने खरवडा. दांडा आखूड असला की कंबर जाते. जुनं, काळं पडलेलं गम वाफेच्या मशीनने सुटतं. ते आणणं ठेकेदाराचं काम. रॉकेल, थिनर नकोच.

पानाचा लाल रंग कात आणि चुन्याने येतो. साबणाचं गरम पाणी टाकून भिजू द्या, मग ताठ ब्रशने घासा. कोटा, शहाबादी, संगमरवरी फरशीवर ॲसिड टाकलं की फेस येतो. बाया म्हणतात, डाग उकळतोय. उकळतो तो दगड! फरशी खडबडीत होते आणि पुढची पिचकारी आणखी घट्ट बसते.

सगळ्यात मोठा धोका ॲसिडवर ब्लीचिंग पावडर टाकण्याचा. त्यातून क्लोरीन वायू निघतो. 1915 साली पहिल्या महायुद्धात माणसं मारायला हाच वायू सोडला होता. डोळे चुरचुरले, खोकला आला, छाती आवळली तर लगेच मोकळ्या हवेत जा. बरं वाटलं तरी दवाखाना गाठा, कारण त्रास काही तासांनी वाढू शकतो. अंगावर ॲसिड उडालं तर भिजलेला कपडा काढून वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा. हळद, टूथपेस्ट लावू नका. उरलेलं ॲसिड कोल्ड्रिंकच्या बाटलीत घरी आणू नका. पोराने चुकून प्यायलं तर उलटी करवू नका, थेट रुग्णालयात न्या.

आता घरातलंही बोलू. राज्यात 2012 पासून गुटखाबंदी आहे, तरी पुडी कोपऱ्यावर मिळते. पाचवं शील म्हणताना आपल्याला दारू आठवते, पुडी आठवत नाही. नवरा थुंकतो, बायको घासते, असली घरं आम्हाला माहीत आहेत.

हातमोजे, गमबूट, मास्क ठेकेदाराने द्यायचे असतात, पगारातून पैसे न कापता. एकटीने तोंडी मागू नका. पाच-सहा जणींनी सह्या करून अर्ज द्या, आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या.