भंगारातली हत्यारं (भाग ६) : कानशीची सुरी

नाशकात जुन्या कानशींचा तुटवडा पडणं अवघड आहे. सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमध्ये दात बोथट झाले की कानस कोपऱ्यात जाते आणि कोपरा भरला की भंगारवाल्याकडे. अंबड-सातपूर लिंक रोडवरचा भंगार बाजार महापालिकेने जानेवारी २०१७मध्ये उठवला, तो पुन्हा बसला, फेब्रुवारी २०२५मध्ये पुन्हा उठवला. बाजार उठला तरी भंगार थोडंच उठतं! किलोच्या भावाने आजही कानस मिळते, आणि रानात न्यायच्या सुरीसाठी त्याहून चांगलं पोलाद एवढ्या स्वस्तात दुसरं नाही.

मागच्या भागात ट्रकचा पाटा पाहिला. पाट्याच्या पोलादात कार्बन साधारण अर्धा टक्का किंवा थोडा जास्त असतो, म्हणून तो वाकतो आणि परत सरळ होतो. घाव घालायच्या कोयत्याला तेच हवं. चांगल्या कानशीत मात्र कार्बन एक टक्क्याच्या वर जातो. दुसरं लोखंड खरवडता यावं म्हणून तिला मुद्दाम काचेसारखी कडक केलेली असते. ती फरशीवर पडली तर मोडते, वाकत नाही. सुरीला लागणारा कडकपणा तिच्यात आधीपासूनच आहे, उलट जरा जास्तच आहे. तो थोडा उतरवायचा, एवढंच काम. भट्टी नाही, भाता नाही, ऐरण नाही, म्हणूनच फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी पाट्याच्या नादी न लागता कानशीपासून सुरुवात करावी असं मी म्हणतो.

पण सगळ्या कानशी सारख्या नसतात. स्वस्तातल्या काही कानशी आतून मऊ लोखंडाच्या असतात, फक्त वरचा पापुद्रा कडक केलेला. ग्राइंडरवर टोक टेकवून ठिणग्या बघा. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ रेघांसारख्या जातात. कार्बन भरपूर असेल तर ठिणगी चाकाजवळच फुटते आणि फुलबाजीसारखे फाटे फुटतात. पापुद्र्याची कानस थोडी आत घासली की ठिणग्यांचा रंगढंग बदलतो. ती बाजूला ठेवा. दुसरी खूण म्हणजे टोक शिकंज्यात धरून, वर फडकं टाकून हातोड्याने मोडायचं. तुटलेला भाग राखाडी, मखमलीसारखा बारीक दाण्याचा दिसला की माल चांगला.

आता उष्णता. कानशीवरचं तेल, मळ, लोखंडाचा कीस सगळं घासून काढा आणि केकचा ओटीजी २०० ते २२० अंशांवर लावा. ओटीजीच्या बटणावर विश्वास ठेवू नका, आत वेगळा तापमापक ठेवा. दोन तास ठेवून बाहेर गार होऊ द्यायची, मग पुन्हा दोन तास. घासून चकचकीत केलेल्या जागेवर गवती पिवळा रंग चढेल. हा रंग म्हणजे पोलादावर आलेला ऑक्साइडचा पातळ थर. थर जाड होत गेला की पिवळ्याचा तपकिरी, मग जांभळा आणि तीनशेच्या आसपास निळा होतो. सुरीच्या धारेला पिवळा चालतो. निळा झाला म्हणजे धारेचं पाणी उतरलं.

हे रंग आपल्याकडे कुणी पुस्तकातून शिकलेलं नाही. आठवडी बाजाराच्या गावी रस्त्याकडेला पाल टाकून बसणारी घिसाडी कुटुंबं बघा. महाराष्ट्र सरकारच्या भटक्या जमातींच्या यादीत त्यांचं नाव आहे, पण शेतकऱ्याच्या लेखी ते विळा-खुरप्याचे कारागीर. ऐरण जमिनीत रोवलेली, पुरुष सांडशीत लाल तुकडा धरून बसलेला आणि समोर उभी राहून बाई घण घालते. घणाचा घाव कुठे पडायचा ते पुरुष छोट्या हातोड्याने टिचकी मारून सांगतो. दोघांत शब्द नाही. कोयता घडून झाला की तो पूर्ण पाण्यात बुडवत नाहीत, फक्त धारेची बाजू बुडवतात. पाठ लालच राहते. बाहेर काढून धारेजवळची पट्टी चटकन घासून उजळ करायची आणि बघत राहायचं. पाठीतली ऊब धारेकडे सरकते, तसे रंगही सरकतात. हवा तो रंग धारेला पोचला की सबंध पातं पाण्यात! कडक करणं आणि कडकपणा उतरवणं एकाच तापात उरकतं. धार कडक, पाठ चिवट. तुमचा ओटीजी चार तासांत जे करतो, ते तिथे काही क्षणांत, नजरेच्या भरवशावर होतं. ती नजर ओट्याजवळ बसून येत नाही, म्हणून आपण तापमापक वापरायचा.

आता घासणं. दहा इंची चपटी कानस साधारण इंचभर रुंद आणि पाच-सहा मिलिमीटर जाड असते. एवढी जाडी ठेवू नका. सिनेमातल्या सुऱ्या बघून लोकांना जाड पात्याचं वेड लागतं. स्वीडनमधल्या मोरा गावच्या सुऱ्या जगभरचे भटके वापरतात, त्यांची पाती अडीच मिलिमीटरच्या आसपास असतात. आपल्याला तीन-साडेतीन पुष्कळ. पात्याची लांबी चार इंच. कांदा चिरणं, दोर कापणं, ढलपी काढणं, याहून जास्त काम सह्याद्रीत सुरीला नसतं.

कडक कानशीवर हॅकसॉ घसरतो, म्हणून सगळं ग्राइंडरवर. डोळ्यांवर गॉगल, तोंडावर मास्क, हातमोजे मात्र नकोत, फिरत्या चाकात ते अडकतात. पातं उघड्या बोटांनीच धरायचं. बोटांना चटका बसायच्या आत पाण्यात बुडवायचं, हाच तापमापक. धारेवर निळी झाक दिसली की तेवढा भाग वाया गेला, तो घासून टाकून मागे सरका. दातांच्या खाचा धारेजवळ अजिबात ठेवू नका. त्या शोभेच्या दिसतात खऱ्या, पण पातं मोडायला तिथूनच सुरुवात होते. मुठीखाली राहिल्या तर हरकत नाही, उलट चिकटवायला बऱ्या.

मुठीच्या भोकांसाठी शेपटी मऊ करावी लागते, नाहीतर ड्रिलचं टोक जळतं. पातं पाण्याच्या डब्यात उभं बुडवा आणि वर राहिलेल्या शेपटीवर गॅसच्या टॉर्चची ज्योत मारा, निळा-राखाडी रंग येईपर्यंत. धार पाण्यात सुरक्षित. मूठ बाभळीची किंवा चिंचेची, पितळी सळीचे रिव्हेट आणि इपॉक्सी.

कायद्याचं थोडक्यात. शस्त्र अधिनियम १९५९ आणि २०१६च्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे, घरगुती आणि शेतीची अवजारं वगळून. आपली सुरी त्यात बसत नाही. पण महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७खाली शहरात वेळोवेळी मनाई आदेश निघतात, तेव्हा सुरी कमरेला मिरवत कॉलेज रोडवर फिरू नका. सॅकच्या तळाशी ठेवा. आणि अंजनेरीला गेलात तर ती सॅकमध्येच राहू द्या. २००६मध्ये शास्त्रज्ञांनी नोंदवलेली सेरोपेजिया अंजनेरिका ही वनस्पती त्या डोंगराच्याच नावाने ओळखली जाते. वाट काढायला झुडपं छाटणाऱ्याला ती ओळखू येईलच असं नाही.

धार लावून झाली की एक परीक्षा. पितळेची सळी शिकंज्यात आडवी धरा, धार तिच्यावर हलक्या हाताने कलती दाबा आणि सरकवा. उजेडात बघितलं तर सळीवर धार किंचित वाकलेली दिसते. सुटल्यावर ती सरळ झाली तर सुरी तयार. तुकडा उडाला तर पोलाद अजून फार कडक आहे, ओटीजीत आणखी दहा-पंधरा अंश वाढवून पुन्हा दोन तास. वाकून तशीच राहिली तर ग्राइंडरवर तापली, धार मागे घ्या. तीही वाकली तर ती कानस सुरीच्या कामाची नाही, दुसरी घ्या. भंगारवाल्याकडे ढीग आहे.

पुढच्या भागात या सुरीचं चामडी म्यान. तोवर पात्याला खोबरेल लावून ठेवा, हे पोलाद पावसाळी हवेत एका रात्रीत गंजतं.