दाहाची नोंदवही : आमवाताचे वेळीच निदान व नियमित देखरेख

रायपूर व भिलाई या दोन मोठ्या शहरांच्या दरम्यान, खारून नदीच्या पलीकडे दुर्ग जिल्ह्यात कुम्हारी हे गाव वसले आहे. १९५९ साली भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली आणि या परिसराचे रूप पालटले. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून कुटुंबे येथे आली, त्यांत मराठी कुटुंबेही होती. वैद्यकीय सोयींच्या दृष्टीने कुम्हारीकर सुदैवीच म्हणावे लागतील. एका बाजूस टाटीबंध येथे २०१२ साली सुरू झालेली एम्स ही संस्था आहे, तर दुसऱ्या बाजूस भिलाईच्या सेक्टर नऊमधील पोलाद कारखान्याचे रुग्णालय आहे. परंतु रुग्णालय जवळ असले म्हणजे निदान लवकर होतेच असे नाही. काही आजार असे असतात की ते दारात येऊन उभे राहिले तरी त्यांची ओळख पटत नाही. आमवात, म्हणजेच ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, हा त्यांपैकी एक होय.

उपकारक दाह आणि अपकारक दाह

बोटाला जखम झाली की ती जागा लाल होते, सुजते आणि ठणकते. हा दाह शरीराच्या संरक्षणासाठीच असतो आणि काम संपताच तो शमतो. मात्र काही व्यक्तींमध्ये रोगप्रतिकारक यंत्रणा आपल्याच पेशींना परके समजू लागते. मग हा दाह विझत नाही. राखेखालच्या निखाऱ्याप्रमाणे तो वर्षानुवर्षे धुमसत राहतो. आमवात, पाठीचा कणा ताठ करणारा अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, आतड्यांना व्रण पाडणारा अल्सरेटिव्ह कोलायटिस, ल्युपस ही सारी याच कुळातील नावे आहेत.

आपल्याकडे 'संधिवात' हा शब्द सर्रास सगळ्याच सांधेदुखीसाठी वापरला जातो आणि घोटाळ्याची सुरुवात तेथेच होते. वयपरत्वे होणारी गुडघ्याची झीज वेगळी आणि आमवात वेगळा. झिजेचे दुखणे बहुधा चालण्याने वाढते व विश्रांतीने कमी होते. आमवाताचे नेमके उलट असते. सकाळी उठल्यावर हाताची बोटे, मनगटे आखडलेली असतात. अर्धा तास, कधी तासाहून अधिक काळ मूठ वळत नाही आणि हालचाल सुरू झाल्यावर हळूहळू सांधे मोकळे होतात. बहुधा दोन्ही हातांचे तेच ते सांधे सुजतात. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा विकार दोन ते तीन पट अधिक आढळतो आणि तोही अनेकदा ऐन कर्तेपणाच्या वयात. कणीक मळणे, कपडे पिळणे, नळ बंद करणे ही कामे अवघड होऊ लागली, तर ते 'कामाच्या दगदगीने' झाले असे घरचे समजतात आणि मोलाचे महिने निघून जातात.

भिगवणने दिलेला धडा

असे रुग्ण लहान गावांत कितीसे असणार, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर महाराष्ट्रातील एका गावाने दिले आहे. पुणे-सोलापूर महामार्गावरील भिगवण येथे १९९६ साली पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरी पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहयोगाने चालणाऱ्या 'कॉपकॉर्ड' या उपक्रमाचा तो भाग होता. प्रशिक्षित स्वयंसेवक प्रश्नावली घेऊन घराघरांत गेले आणि ज्यांना त्रास होता त्यांची डॉक्टरांनी तपासणी केली. ४,०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना, म्हणजे १८.२ टक्के व्यक्तींना, सांधे-स्नायूंच्या तक्रारी असल्याचे आढळले. आमवाताचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का निघाले.

अर्धा टक्का हा आकडा लहान वाटतो. परंतु याच प्रमाणाने हिशेब केला, तर वीस हजार प्रौढांच्या वस्तीत शंभर आमवाताचे रुग्ण होतात. त्याहून महत्त्वाची बाब अशी की, सांधे दुखतात असे सांगणाऱ्या मोठ्या संख्येत हे थोडे रुग्ण मिसळून गेलेले असतात. त्यांना वेळीच वेगळे ओळखणे हेच खरे कौशल्य होय.

एका अहवालावर विसंबू नये

'रक्तात वात निघाला' किंवा 'रिपोर्ट नॉर्मल आला' या दोन्ही वाक्यांनी रुग्णांची दिशाभूल होऊ शकते. आरए फॅक्टर ही तपासणी आमवाताच्या सर्वच रुग्णांत सकारात्मक येत नाही. उलट निरोगी वृद्धांत किंवा अन्य आजारांतही ती सकारात्मक येऊ शकते. अँटी-सीसीपी ही अलीकडची तपासणी अधिक नेमकी आहे. तरीही ती नकारात्मक आली म्हणून आमवात नाहीच असे म्हणता येत नाही. म्हणून सुजलेले सांधे हाताने चाचपून पाहणे, दुखणे किती आठवड्यांचे आहे हे विचारणे आणि मग रक्ताच्या तपासण्यांची सांगड घालणे, हाच निदानाचा राजमार्ग आहे.

दाहाची तीव्रता मोजण्यासाठी दोन तपासण्या प्रचलित आहेत. ईएसआरमध्ये उभ्या नळीतील रक्तपेशी एका तासात किती मिलिमीटर खाली बसतात हे पाहिले जाते. सीआरपी हे यकृतात तयार होणारे प्रथिन असून १९३० साली न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात त्याचा शोध लागला. दाह वाढताच ते काही तासांत वाढते आणि दाह ओसरला की लवकर उतरते.

छत्तीसगड आणि विदर्भातील रुग्णांनी येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या पट्ट्यात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार बऱ्याच प्रमाणात आढळतो. त्याच्या निर्मूलनासाठी जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय मोहीमही सुरू झाली. सिकलसेलच्या रुग्णांतील कोयत्याच्या आकाराच्या पेशी एकमेकींवर नीट रचल्या जात नाहीत. परिणामी शरीरात दाह असूनही ईएसआर फसवा कमी येऊ शकतो. याउलट साध्या रक्तक्षयात तो दाहावाचूनही वाढलेला दिसतो. शिवाय सिकलसेलमध्ये हाडे व सांधे दुखतातच. म्हणून कुटुंबात सिकलसेलचा इतिहास असल्यास तो डॉक्टरांना आवर्जून सांगावा; अशा वेळी सीआरपी अधिक भरवशाची ठरते.

मोजमाप हेच अर्धे औषध

निदान झाले म्हणजे काम संपले असे नाही. येथूनच देखरेखीचा प्रारंभ होतो. डॉक्टर खांदे, कोपरे, मनगटे, हातांची बोटे व गुडघे असे २८ सांधे तपासतात. त्यांपैकी किती सुजले, किती दुखतात, रक्तातील दाह किती आणि रुग्णाला स्वतःला कसे वाटते, यांवरून एक गुणांक काढला जातो. तो २.६ पेक्षा खाली आला तर आजार शमला आहे असे मानतात; ५.१ च्या वर गेला तर तो भडकला आहे असे समजतात.

या मोजमापाचे मोल २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्लासगो येथील अभ्यासाने दाखवून दिले. ११० रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटाची दरमहा तपासणी होई आणि गुणांक अपेक्षेइतका उतरला नसेल तर उपचार वाढवले जात. दुसऱ्या गटाला तीन महिन्यांनी नेहमीप्रमाणे पाहिले जाई. दीड वर्षानंतर पहिल्या गटातील ६५ टक्के रुग्णांचा आजार शमला होता, तर दुसऱ्या गटातील केवळ १६ टक्के रुग्णांचा. महागडी जैविक औषधे कोणत्याच गटाला दिलेली नव्हती. फरक होता तो नियमित मोजमापाचा आणि त्यानुसार तत्परतेने बदललेल्या उपचारांचा.

औषधांवरही देखरेख हवी. आमवातात प्रामुख्याने वापरले जाणारे मेथोट्रेक्झेट हे आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चुकून ते रोज घेतले गेल्यास जिवावर बेतू शकते. म्हणून आठवड्याचा वार ठरवून तो दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा. हे औषध सुरू असता रक्तपेशींची, यकृताची व मूत्रपिंडाची तपासणी ठरावीक मुदतीने करावी लागते. अपत्याचा विचार असणाऱ्या दांपत्याने त्याआधीच डॉक्टरांशी बोलावे. नाव नसलेल्या पुड्यांनी दोन दिवसांत चमत्कार झाला, तर त्यांत स्टेरॉइड असण्याची शक्यता असते. अशा औषधाने वेदना झाकली जाते. परंतु हाडे ठिसूळ होतात, रक्तातील साखर वाढते आणि सांध्यांची हानी आत चालूच राहते.

घरातील फाइल आणि बँकेतील सही

प्रत्येक रुग्णाच्या घरी एक साधी वही असावी. तीत तारीख, सकाळी सांधे किती मिनिटे आखडले, कोणते सांधे सुजले, ईएसआर व सीआरपीचे आकडे आणि औषधांची मात्रा लिहावी. डॉक्टर बदलले, बदली झाली, मुलांकडे दुसऱ्या गावी राहायला जावे लागले, तरी ही वही सोबत असली की उपचारांत खंड पडत नाही. आरोग्य विमा घेताना हा आजार प्रस्तावात स्पष्ट नमूद करावा. लपविलेली माहिती दाव्याच्या वेळी अडचणीची ठरते. विमा नियामकाने २०२४ मध्ये पूर्वीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ कमाल तीन वर्षांवर आणला आहे.

बँकेच्या काउंटरवरही हा आजार कधी कधी प्रथम दिसतो. वर्षानुवर्षांच्या ग्राहकाची सही नमुन्याशी जुळेनाशी होते. अशा वेळी शंकेने पाहण्याआधी त्या हाताकडे पाहावे. ग्राहकाला नवा नमुना देता येतो. सही करणे अशक्यच असेल, तर साक्षीदारांसमक्ष अंगठा घेण्याची तरतूद आहे. 'बोटे किती दिवसांपासून सुजली आहेत?' एवढा एक आपुलकीचा प्रश्न एखाद्याला योग्य डॉक्टरांच्या दारी पोहोचवू शकेल.

सहा आठवड्यांहून अधिक काळ बोटे सुजत असतील आणि सकाळ ताठरलेली जात असेल, तर थांबू नये. आमवात समूळ नाहीसा करणारे औषध आज नाही; परंतु वेळीच ओळखला आणि नेमाने मोजला तर त्याला काबूत ठेवता येते. एकदा वाकडी झालेली बोटे औषधाने सरळ होत नाहीत. ती वाकडी होऊ न देणे मात्र पुष्कळ अंशी आपल्या हाती आहे.