थंडीतली पिल्लं : ऊब हवी, कोंडमारा नको

सोयाबीन घरात येतं, कापसाची वेचणी सुरू होते आणि हदगाव तालुक्यात परसातल्या कोंबड्यांचा नवा हंगाम धरला जातो. कुणाची गावरान कोंबडी खुडूक बसलेली असते, कुणी गिरिराज किंवा वनराजाची एक दिवसाची पिल्लं आणतं. बहुतेक घरांत हा कारभार बाईच्या हातात असतो आणि अंड्यांचे पैसेही तिचेच. म्हणून डिसेंबरच्या एखाद्या पहाटे पन्नासातली पंधरा-वीस पिल्लं मेलेली सापडली, तर नुकसान थेट तिच्या गाठीला बसतं. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, ‘थंडी बाधली.’

या उत्तरापाशी आपण थांबतो, हीच मोठी अडचण आहे. आपल्याकडची थंडी काश्मीरची नव्हे. कयाधू-पैनगंगेच्या या पट्ट्यात पहाटे पारा 8 ते 10 अंशांवर येतो, कधी त्याखालीही जातो, पण त्याच दिवशी दुपारी तो 28-30 अंशांपर्यंत चढतो. एका दिवसातला हा वीसेक अंशांचा फरकच पिल्लांना जड जातो. आणि बरीच मरतूक थंडीपेक्षा थंडीच्या धास्तीनं केलेल्या उपायांमुळे होते. खुराडं गच्च बंद केलं जातं, तूस ओला राहतो, आत धूर कोंडतो. त्यामागचे गैरसमज एकेक करून पाहू.

गैरसमज : पिल्लू असो की मोठी कोंबडी, थंडी दोघांना सारखीच लागते.

वस्तुस्थिती : दोघांच्या गरजा अगदी वेगळ्या आहेत. मोठ्या कोंबडीच्या अंगाचं तापमान साधारण 41 अंश असतं आणि ते टिकवायला तिच्याकडे पिसांचं पांघरूण असतं. ती पिसं फुलवून त्यांत हवा धरते, दांडीवर बसून पाय पोटाखाली घेते आणि 8-10 अंशांची रात्र सहज काढते. तिला बल्ब लागत नाही. अंग कोरडं हवं आणि थेट वारा लागता कामा नये, एवढंच तिचं मागणं. अमेरिका-युरोपातल्या व्हिडिओंत कोंबडीच्या तुऱ्याला बर्फ बाधू नये म्हणून मलम लावताना दाखवतात. तो त्रास आपल्याकडे नाहीच.

एक दिवसाच्या पिल्लाच्या अंगावर मात्र नुसती लव असते. पहिले दोन-तीन आठवडे त्याला स्वतःची ऊब धरता येत नाही आणि पुरती पिसं यायला पाच-सहा आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात त्याच्याभोवती 32 ते 35 अंश तापमान हवं. पुढे दर आठवड्याला ते तीनेक अंशांनी कमी करत न्यायचं. खुडूक कोंबडी हे काम पंखाखाली घेऊन आपोआप करते, तेही दहा-बारा पिल्लांपुरतं. आणलेल्या पिल्लांची आई आपल्याला व्हावं लागतं.

गैरसमज : बल्ब पेटता असला की पिल्लांची काळजी नाही.

वस्तुस्थिती : कोणता बल्ब, हे आधी पाहा. गेल्या काही वर्षांत घरोघरी एलईडी आले. त्यांचा उजेड भरपूर, पण पिल्लांना पुरेल अशी ऊब त्यांतून मिळत नाही. उबेसाठी जुना तारेचा पिवळा बल्बच लागतो. ढोबळ हिशेब पिल्लामागे दोन वॅटचा, म्हणजे पन्नास पिल्लांना 100 वॅटचा एक बल्ब. कडाक्याच्या रात्री आणखी एक जोडायची तयारी ठेवा. बल्ब सुतळीनं टांगू नका. तो तुसावर पडला तर आग लागते. तार किंवा साखळी वापरा आणि बारदान त्यापासून लांब ठेवा.

पिल्लांभोवती पत्र्याचं किंवा पुठ्ठ्याचं फूट-दीड फूट उंचीचं गोल कडं करा. गोलच, कारण कोपरा मिळाला की थंडीनं सगळी पिल्लं तिथं एकावर एक चढतात आणि खालची गुदमरून मरतात. सकाळी कोपऱ्यात मेलेली, चपटी झालेली पिल्लं सापडतात, ती बहुधा अशी गेलेली असतात. पिल्लं येण्याच्या काही तास आधी बल्ब लावून तूस गरम करून ठेवा.

पुढचं सगळं पिल्लंच सांगतात. बल्बखाली गोळा होऊन मोठ्यानं चिवचिवत असतील तर ऊब कमी पडते आहे, बल्ब खाली घ्या. कड्याला चिकटून चोच उघडी ठेवून धापा टाकत असतील तर ऊब जास्त झाली, बल्ब वर करा. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर दुसरीकडून वारा शिरतो आहे. कड्यात सगळीकडे पसरून चरत-निजत असतील तर ठीक आहे. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी हेच गणित उलटतं. पहाटे नेमका पुरणारा बल्ब दुपारी दोन वाजता त्यांना भाजून काढतो. तेव्हा तो बंद करायला विसरू नका.

आणखी एक तपासणी रात्री निजण्याआधी करा. एक पिल्लू हातात घ्या, त्याचे पाय आपल्या गालाला लावा. पाय गार लागले तर खालचा तूस गार आहे. मग गळ्याखालची अन्नाची पिशवी बोटांनी हलकेच चाचपा. ती भरलेली आणि मऊ असली पाहिजे. रिकामी लागली तर पिल्लू बल्ब सोडून दाण्या-पाण्यापर्यंत गेलेलंच नाही. भांडी उबेच्या कडेला सरकवा. पाणी कोमट द्या आणि ‘गारठ्यात पाणी कमी द्यावं’ हे मनातून काढून टाका. पाणी कमी पडलं की पिल्लू दाणाही कमी खातं.

गैरसमज : रात्री लाइट गेली तर आत शेगडी ठेवून दार लावून घ्यावं.

वस्तुस्थिती : हा उपाय जीवघेणा आहे. बंद जागेत धुमसणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नसतो, वास नसतो. पिल्लं झोपल्या जागी मरतात आणि खापर पुन्हा थंडीवर फुटतं. राखण करायला आत झोपलेल्या माणसाच्या जिवालाही तोच धोका असतो. लाइट गेली तर बाटल्यांत गरम पाणी भरून, फडक्यात गुंडाळून त्या पिल्लांमध्ये ठेवा, कडं लहान करा आणि वरून अर्धवट झाका. बाटल्या गार झाल्या की पाणी बदला. शेगडी वापरायचीच असेल तर निखारे बाहेर फुलवून, धूर पूर्ण गेल्यावरच आत न्या, भोवती जाळी लावा आणि हवेला वाट उघडी ठेवा.

गैरसमज : खुराडं जितकं बंद, तितकं उबदार.

वस्तुस्थिती : कोंबडीच्या श्वासातून आणि विष्ठेतून रात्रभर ओल निघत असते. बारदानं आणि प्लास्टिक लावून सगळ्या फटी बुजवल्या की ही ओल आतच राहते, तूस भिजतो आणि अमोनिया तयार होतो. सकाळी दार उघडताच डोळे चुरचुरले, तर रात्रभर कोंबड्यांचे डोळे आणि श्वासनळ्या त्यात भाजत होत्या असं समजा. मग घरघर, शिंका, सुजलेले डोळे दिसू लागतात. ओल्या तुसात रक्ती हगवणीचे जंतू वाढतात, बुरशी धरते, आणि बुरशीमुळे पिल्लांच्या फुप्फुसांचा आजार होतो. ओलं अंग थंडीत फार लवकर गारठतं, हे वेगळंच.

म्हणून आडोसा कोंबडीच्या उंचीपर्यंत घट्ट करा आणि वर, छताजवळ, हवेला वाट सोडा. तुराट्यांचा कूड शेणामातीनं लिंपताना वरची पट्टी उघडी ठेवली की काम होतं. उत्तरेकडच्या बाजूचं बारदान सूर्य मावळताना सोडा, उन्हं वर आली की गुंडाळा. खाली भाताचा तूस किंवा भुईमुगाची टरफलं दोन-तीन इंच पसरा, रोज खालीवर करा आणि पाण्याच्या भांड्याभोवतीचा ओला भाग त्याच दिवशी काढून टाका.

गैरसमज : कणी आणि ज्वारी पुरते. वरून मूठभर सोयाबीन टाकलं की पिल्लू लवकर अंग धरतं.

वस्तुस्थिती : पिसं प्रथिनांचीच बनतात. पिल्लाला पिसं लवकर यावीत, म्हणजे थंडीत त्याला स्वतःचं पांघरूण मिळावं, असं वाटत असेल तर प्रथिनं द्यावीच लागतात. पहिल्या दिवशी मक्याचा बारीक भरडा चालतो. पुढे 20 टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असलेलं पिल्लांचं खाद्य हवं. नुसती कणी खाल्लेलं पिल्लू उघडंच राहतं.

सोयाबीन आपल्याकडे घरचं असतं, त्यात प्रथिनंही भरपूर असतात. पण कच्च्या दाण्यातला ट्रिप्सिन इनहिबिटर नावाचा घटक प्रथिनांचं पचनच अडवतो. दाणा नीट भाजला की तो निकामी होतो. तेल काढताना तापवलेली सोयापेंडही चालते. कच्चं सोयाबीन मात्र देऊ नका. आणि पावसात सापडलेला, बुरशी धरलेला मका किंवा शेंगदाणा ‘कोंबड्यांना चालतो’ म्हणून टाकू नका. त्या बुरशीचं विष त्यांच्या लिव्हरवर जातं.

गैरसमज : थंडीमुळे कोंबडी अंडी बंद करते.

वस्तुस्थिती : मुख्य कारण उजेडाचं आहे. चांगली अंडी देण्यासाठी कोंबडीला रोज 14 ते 16 तास उजेड लागतो आणि डिसेंबरअखेर आपल्याकडे दिवस जेमतेम 11 तासांचा असतो. याच सुमारास काही कोंबड्या जुनी पिसं टाकून नवी घेतात. तेव्हा खाल्लेलं पिसांकडे जातं. पहाटे दोन-तीन तास बल्ब लावला तर फरक पडतो. इथं मात्र एलईडी चालतो, कारण हवा आहे तो उजेड. रात्री अंग राखण्यात कोंबडीची ताकद जास्त खर्च होते, म्हणून संध्याकाळी मूठभर ज्वारी किंवा मका जास्त टाका. गावरान कोंबडी मुळातच वर्षाला पन्नास-साठ अंडी देते. तिच्याकडून रोज अंड्याची अपेक्षा धरणं चूक आहे.

गैरसमज : मान वाकडी झाली, हिरवी हगवण लागली, म्हणजे थंडी बाधली. हळद-लसूण द्यावा.

वस्तुस्थिती : ही लक्षणं मानमोडीची, म्हणजे राणीखेतची असू शकतात. हा विषाणूचा आजार आहे. 1920च्या दशकात कुमाऊंमधल्या राणीखेतला तो आढळला, म्हणून भारतात त्याला ते नाव पडलं. एकदा लागल्यावर त्यावर औषध नाही. माणसांच्या गोळ्या, कॅप्सूल फोडून पाजणं तर नकोच. उपाय एकच, आधी लस. पाच ते सात दिवसांच्या पिल्लाला लासोटाचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बीचं इंजेक्शन. लस बर्फात आणावी लागते आणि एकदा मिसळली की दोनएक तासांत संपवावी लागते. एका बाटलीत निदान शंभर पिल्लांची लस असते. म्हणून गल्लीतल्या चार घरांनी एकाच दिवशी ठरवून लस देणाऱ्याला बोलावलं तर सोयीचं आणि स्वस्त पडतं.

गैरसमज : बर्ड फ्लू ही शहरातली आणि मोठ्या पोल्ट्रीची गोष्ट.

वस्तुस्थिती : भारतात तो पहिल्यांदा फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबारच्या नवापूरला आढळला. जानेवारी 2021 मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात शेकडो कोंबड्या मेल्या. जानेवारी 2025 मध्ये उदगीरला कावळे मेले, आणि त्याच महिन्यात आपल्या नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात, किवळ्यालाही तो आला. महिने पाहा, सगळे हिवाळ्याचे. गार हवेत हा विषाणू जास्त काळ तग धरतो आणि स्थलांतरित पक्षीही याच दिवसांत येतात. म्हणून दाणा-पाणी उघड्यावर ठेवून बगळ्या-कावळ्यांना बोलावू नका. बाजारातून आणलेली कोंबडी दोन-तीन आठवडे वेगळी ठेवा. नीट शिजवलेलं अंडं आणि मांस खायला हरकत नाही. 70 अंशांवर शिजवलं की हा विषाणू मरतो.

एक कळकळीची विनंती. पिल्लू मेलं की ते उकिरड्यावर फेकू नका आणि आजारी कोंबडी घाईनं बाजारात विकू नका. एकदम दोन-चार मेली तर उघड्या हातांनी न धरता, पिशवीत बांधून ठेवा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. 1962 हा टोल फ्री क्रमांक त्यासाठीच आहे. ते पिल्लू गुदमरलं, हगवणीनं गेलं की मानमोडीनं, हे शवविच्छेदनात कळू शकतं. कारण कळलं तरच उरलेली वाचतील आणि पुढच्या हिवाळ्यात तीच चूक होणार नाही. ‘थंडी बाधली’ म्हणून हात झटकले, तर बाईच्या गाठीचा पैसा दरवर्षी असाच जात राहील.