ऑडिट लॉगचा बफर
ऑडिट लॉग म्हणजे संगणकात कोणी, केव्हा, काय केले याची ऑपरेटिंग सिस्टिमने ठेवलेली नोंद. जून १९९८मध्ये ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या संगणकांत हॅकर घुसले. अशा घुसखोरीचा माग काढायला विश्वासार्ह नोंदी लागतात.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, प्रत्येक नोंद आधी मेमरीतल्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या जागेत, लिहितो. फाइलच्या नावात मोकळी जागा, अवतरणचिन्ह किंवा देवनागरी असेल, तर प्रत्येक बाइट दोन हेक्स (षोडशमान) अक्षरांत मांडला जातो. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत ‘अहवाल’ हे नाव १५ बाइटचे. नोंदीत त्याला ३० बाइट लागतात. म्हणून लिहिण्याआधी शिल्लक जागा तपासून बफर वाढवावा लागतो. मेमरी मिळाली नाही, तर लिहिणे थांबवावे लागते. बफरची हद्द ओलांडली की शेजारचा डेटा बिघडतो आणि हल्लेखोराला वाट मिळते. वापर संपल्यावर बफर एकदाच मोकळा करायचा असतो.